शनिवारची संध्याकाळ : सेरामपूरच्या मिशन-कुटुंबातील कलह आणि समेट (१८००–१८३७)

बंगालमधील सेरामपूर हे गाव मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना मुद्रणाच्या संदर्भात परिचित आहे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तेथे छापले गेले. त्याच वर्षी मत्तयकृत शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले. १८१० मध्ये मोडी टंकांतील मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ मध्ये नवा करार बाहेर पडला. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने सिद्ध झालेली ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’, ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ ही गद्य पुस्तकेही त्याच छापखान्याची. या ग्रंथांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या घराने हा छापखाना चालविला, त्या घराच्या अंतर्गत जीवनाकडे वाङ्मयाभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. एका पंक्तीला जेवणारी, एका तिजोरीतून खर्च करणारी आणि स्वतःला ‘कुटुंब’ म्हणविणारी ही माणसे आपसांतील भांडणे कशी मिटवीत असत, त्यासाठी त्यांनी कोणती रीत घालून घेतली होती आणि ती रीत पुढे का मोडली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर पाहता चर्चच्या इतिहासातला वाटतो. तथापि बोललेला शब्द, लिहिलेला शब्द आणि छापलेला शब्द यांच्या सामर्थ्याचा व मर्यादांचा विचार करणाऱ्यांनाही तो तितकाच महत्त्वाचा आहे.

१. मत्तयाचा अठरावा अध्याय

ख्रिस्ती बांधवांमधील वैयक्तिक कलह कसा सोडवावा याविषयी नव्या करारात जी वचने आहेत, त्यांत मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील सूचना सर्वांत पद्धतशीर आहे. तीत तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. भावाने अपराध केला असेल, तर प्रथम त्याच्याकडे एकट्याने जावे आणि दोघेच असताना त्याला त्याचा दोष दाखवावा. त्याने ऐकले नाही, तर एकदोघांना सोबत न्यावे, म्हणजे जे बोलले जाईल त्याला साक्ष राहील. त्यांचेही ऐकले नाही, तरच मंडळीला सांगावे. मंडळीचेही न ऐकणारा माणूस परका समजावा, असा शेवट आहे. या सूचनेनंतर काही ओव्यांतच पेत्र विचारतो, की भावाला किती वेळा क्षमा करावी. आणि त्याला मिळालेले उत्तर मोजदादीच्या पलीकडचे आहे. म्हणजे एकाच अध्यायात शिस्त आणि क्षमा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

या वचनाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. वादाची माहिती असणाऱ्यांचे वर्तुळ पायरीपायरीने मोठे होत जाते; आणि ते मोठे करण्याची परवानगी आधीचे लहान वर्तुळ निष्फळ ठरल्यावरच मिळते. तिन्ही पायऱ्यांवर माणसे समोरासमोर आहेत. कोणी कोणाला लिहून कळवीत नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, बांधवांनी आपसांतील वाद बाहेरच्या न्यायासनापुढे नेऊ नयेत, असे बजावले आहे. या दोन उताऱ्यांवर प्रॉटेस्टंट चर्चशिस्तीची पुष्कळ इमारत उभी आहे. विशेषतः बॅप्टिस्ट परंपरेत बिशपाची सत्ता नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. सभासद एकमेकांशी करारबद्ध असतात आणि शिस्तीचे प्रश्न सभासदांच्या बैठकीतच सुटावे लागतात. वरिष्ठ निवाडा देईल, ही सोय तेथे नाही. म्हणून मत्तयाचा अठरावा अध्याय या परंपरेत नित्य वापराची नियमावलीच होऊन बसला.

मराठी बायबलमध्ये या ठिकाणी ‘मंडळी’ हा शब्द रूढ झाला आहे. मराठीत त्याला दुहेरी अर्थ आहे. जमलेले लोक म्हणजे मंडळी, तशीच घरची माणसे म्हणजेही मंडळी. सेरामपूरच्या प्रयोगाचे मर्म या दोन अर्थांच्या मध्यभागी सापडते. तेथील मिशन हे एकाच वेळी चर्च होते आणि घरही होते.

२. १८ जानेवारी १८००

बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना २ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधील केटरिंग येथे झाली. पूर्वी चांभारकाम करणारे कॅरी आणि शल्यवैद्य जॉन थॉमस १७९३ च्या नोव्हेंबरात बंगालमध्ये पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून १३ ऑक्टोबर १७९९ रोजी आलेली दुसरी तुकडी कलकत्त्याऐवजी हुगळीच्या काठावरील सेरामपूर या डॅनिश वसाहतीत उतरली. तीत वेस्टबरी ली या विणकरांच्या गावचे आणि ब्रिस्टलमध्ये शाळा चालविलेले जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना, डर्बीचे मुद्रक विल्यम वॉर्ड, डॅनियल ब्रन्स्डन आणि विल्यम ग्रँट होते. ग्रँट त्याच महिन्याच्या अखेरीस वारले. कॅरी १० जानेवारी १८०० रोजी आपल्या कुटुंबासह तेथे येऊन मिळाले.

त्यानंतर आठच दिवसांनी, १८ जानेवारीला, वॉर्ड यांनी आपल्या रोजनिशीत कुटुंबाच्या कारभाराचे नियम नोंदविले आहेत. प्रवचन व प्रार्थना सर्वांनी पाळीपाळीने करावयाच्या. घरकारभार एकेकाने एकेक महिना पाहावयाचा. कॅरी खजिनदार, औषधांची पेटीही त्यांच्याकडे. जॉन फाउंटन ग्रंथपाल. कोणीही खाजगी व्यापार करावयाचा नाही. जे मिळेल ते मिशनचे. आणि या यादीतच आणखी एक नियम आहे : शनिवारची संध्याकाळ आपसांतील मतभेद मिटविण्यासाठी आणि परस्परांवर प्रेम करण्याचे वचन पुन्हा देण्यासाठी राखून ठेवावयाची. १८ जानेवारी हा दिवसही शनिवारच होता.

औषधांची पेटी आणि मतभेदांची संध्याकाळ एकाच यादीत यावी, यात या माणसांची दृष्टी दिसते. भांडणे होणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. आजारपण येते तशी तीही येतील आणि त्यांच्यावर ठरल्या वेळी इलाज करावा लागेल, असा हा हिशेब होता. तसे मानण्यास कारणेही होती. थॉमस यांच्या कर्जांमुळे कॅरींना पहिली वर्षे हालाखीत काढावी लागली होती. फाउंटन यांच्या उघड प्रजासत्ताकवादी बोलण्यामुळे सोसायटीचे चिटणीस अँड्र्यू फुलर त्रस्त होते. कॅरींच्या पत्नी डोरोथी यांना दीर्घ मानसिक आजाराने ग्रासले होते. वेगवेगळ्या स्वभावांची ही माणसे परक्या हवेत, तुटपुंज्या पैशांत, एका छताखाली आली होती.

एकत्र कुटुंबाची कल्पना सेरामपूरकरांची स्वतःची नव्हती. मोरेव्हियन बंधूंच्या मिशन-वसाहतींचा आदर्श कॅरींपुढे होता. आणि त्या पंथाच्या हर्नहूट येथील मूळ वसाहतीचे पुनरुज्जीवन १७२७ मध्ये आपसांतील तीव्र भांडणे मिटवूनच झाले होते. सेरामपूरने त्यात आठवड्याची लय आणली. शनिवारी समेट, रविवारी उपासना. वेदीवर अर्पण ठेवण्यापूर्वी भावाशी समेट करावा, हे मत्तयाच्याच पाचव्या अध्यायातील वचन या क्रमाच्या मागे असावे, असे मानण्यास जागा आहे.

या व्यवस्थेत मत्तयाच्या पायऱ्या एका खोलीत सामावल्या गेल्या. तक्रार आठवडाभराहून जुनी होण्यापूर्वीच ती बोलून दाखविण्याची वेळ येई. ऐकणारे मोजके, आणि तेच उद्याही त्याच पंक्तीला बसणारे. तक्रार करणाऱ्याला आपले शब्द निवडून वापरावे लागत. कारण ज्याच्याविषयी बोलावयाचे तो समोर असे. पुढे मृत्यूंनीही या घराला घट्ट बांधले. फाउंटन १८०० मध्ये, ब्रन्स्डन आणि थॉमस १८०१ मध्ये वारले. फाउंटन यांच्या विधवेशी वॉर्ड यांनी १८०२ मध्ये विवाह केला. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड असे तिघे उरले. ‘सेरामपूर त्रयी’ म्हणून इतिहासाला माहीत असलेले मैत्र ते हेच. कॅरी १८०१ पासून फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले. आरंभी पाचशे आणि १८०७ पासून हजार रुपये असा त्यांचा मासिक पगार सामाईक तिजोरीत जाई. मार्शमन पतिपत्नींच्या निवासी शाळांचे आणि वॉर्ड यांच्या छापखान्याचे उत्पन्नही तेथेच जमा होई.

३. बोलण्याकडून वाचनाकडे

७ ऑक्टोबर १८०५ रोजी या बंधूंनी अकरा कलमांचा करारनामा स्वीकारला. त्यावर नऊ पुरुषांच्या सह्या आहेत. तीन संस्थापक आणि बाकीचे नंतर आलेले. ज्यांच्या शाळेवर घराचा मोठा आर्थिक भार होता त्या हॅना मार्शमन यांची सही त्यावर नाही. या करारनाम्यात लोकांची मने जाणून घेणे, त्यांच्या भावना न दुखविणे, भारतीय प्रचारक तयार करणे, शक्य तितक्या लवकर स्थानिक मंडळ्यांवर भारतीय पाळक नेमणे, स्वतःसाठी काहीही न राखणे अशी कलमे आहेत. मिशनच्या प्रत्येक ठाण्यावर तो वर्षातून तीनदा, जानेवारी, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या रविवारी, मोठ्याने वाचावयाचा असे ठरले.

मिशनच्या आध्यात्मिक साहित्यात या करारनाम्याला मानाचे स्थान आहे. परंतु १८०० च्या नियमांशेजारी ठेवून तो वाचला, तर त्यातील बदल नजरेत भरतो. पहिला मजकूर रोजनिशीतला आहे, त्याची भाषा घरगुती आहे आणि त्यात भांडणासाठी वेळ नेमलेली आहे. दुसरा छापलेला आहे, त्याची भाषा आदर्शांची आहे. कुटुंब विस्तारले होते, ठाणी दूरदूर पसरली होती. तेव्हा एका खोलीतली संध्याकाळ सर्वांना पुरणारी नव्हती. तिच्या जागी समान मजकुराचे सामूहिक वाचन आले. ऐक्याचे स्मरण त्याने होत असे. तक्रारीचे मात्र काय करावयाचे, हे त्यात सांगितलेले नव्हते. बोलावयाची जागा वाचनाने घेतली, आणि वाचनाला उलट उत्तर देता येत नाही.

त्रयीच्या आपसांतील संबंधांना याने बाधा आली नाही. अनेक वर्षांच्या सहवासाने त्यांची सवय पक्की झाली होती. तथापि तीच सवय नव्याने येणाऱ्यांना भिंतीसारखी वाटू लागली. समेटाची रीत सर्वांसाठी खुली असलेली संस्था न राहता तिघांच्या मैत्रीचा भाग होऊन बसली.

४. धाकटे बंधू

१८१२ मध्ये डॉ. विल्यम जॉन्स आणि जॉन लॉसन आले. कंपनी सरकारने दोघांनाही परत जाण्याचा हुकूम दिला. लॉसन यांची टंक कोरण्याची कला उपयोगी असल्याने त्यांना राहू दिले गेले. जॉन्स यांना १८१३ मध्ये परतावे लागले. आपल्यासाठी पुरेशी खटपट झाली नाही, हा राग मनात धरून ते गेले आणि त्या रागाचा रोख मार्शमन यांच्यावर होता. मत्तयाची पहिली पायरी येथे शक्यच राहिली नाही. वादातले दोघे आता दोन गोलार्धांत होते.

त्याच १८१३ साली कंपनीची सनद नूतन झाली आणि मिशनऱ्यांना भारतात परवान्याने प्रवेश मिळू लागला. ही मिशनची मोठी जीत होती. परंतु तिचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. सेरामपूरला एका छताखाली राहणे ही तोवर श्रद्धेची निवड होती, तशीच राजकीय निकडही होती. आता ती निकड संपली. न पटल्यास पंधरा मैलांवरच्या कलकत्त्यात वेगळे बिऱ्हाड करता येऊ लागले.

१८१४ मध्ये कॅरींचे पुतणे युस्टेस कॅरी आणि १८१५ मध्ये विल्यम येट्स आले. १८१७ मध्ये जेम्स पेनी आणि विल्यम हॉपकिन्स पिअर्स आले. हे पिअर्स म्हणजे सोसायटीच्या संस्थापकांपैकी सॅम्युएल पिअर्स यांचे चिरंजीव. ही परकी माणसे नव्हती. एकाच गोताची पुढची पिढी होती. त्यांच्या तक्रारी कौटुंबिक तक्रारींसारख्याच होत्या. सर्व निर्णय तिघे ज्येष्ठ घेतात, धाकट्यांना बरोबरीचे स्थान नाही, मार्शमन यांचे वागणे वर्चस्वाचे आणि आडवळणाचे आहे, सामाईक म्हणविल्या जाणाऱ्या पैशावर प्रत्यक्षात थोड्यांचा ताबा आहे. ज्येष्ठांची बाजूही कळण्यासारखी होती. पंधरासोळा वर्षांच्या कष्टाने उभारलेले काम काल आलेल्यांच्या मतांवर सोडण्यास ते तयार नव्हते. १८१७ च्या सुमारास धाकटे वेगळे झाले. कलकत्त्यात सेरामपूरकरांचे लाल बझारचे उपासनामंदिर १८०९ पासून होतेच. आता त्याच शहरात धाकट्यांची दुसरी बॅप्टिस्ट मंडळी, शाळा आणि पिअर्स यांच्या देखरेखीखाली दुसरा बॅप्टिस्ट छापखाना उभा राहिला. आयुष्यात सोसलेल्या इतर कोणत्याही दुःखाने आपल्या मनाला या दुराव्याइतके पोखरले नाही, अशा आशयाचे उद्गार कॅरींच्या एका पत्रात आहेत. पत्नीचा आजार, मुलाचा मृत्यू आणि १८१२ च्या आगीत भस्मसात झालेली हस्तलिखिते पाहिलेल्या माणसाचे हे उद्गार आहेत.

५. समुद्रापलीकडची पत्रे

धाकट्यांचा दुरावा आणि लंडनशी झालेला वाद हे दोन वेगळे कलह होते. ते एकमेकांत गुंतले, हे सेरामपूरचे दुर्दैव. फुलर जिवंत असेतोवर सोसायटी म्हणजे मित्रांचे मंडळ होते. खाणीत उतरणारा आणि वर दोर धरून उभे असलेले सोबती, ही उपमा त्या नात्याविषयी रूढ झाली होती. सटक्लिफ १८१४ मध्ये आणि फुलर ७ मे १८१५ रोजी वारले. नव्या समितीत कॅरींना प्रत्यक्ष ओळखणारे थोडेच होते. पुढे चिटणीस झालेले जॉन डायर हे कार्यालयीन शिस्तीचे गृहस्थ होते. सेरामपूरच्या जागा, इमारती व छापखाना यांवर विश्वस्त म्हणून आपलाही हक्क असावा, अशी मागणी समितीने १८१६ पासून केली. ही मालमत्ता आपल्या कमाईतून उभी राहिली आहे, ती मिशनच्या कार्यासाठीच आहे, पण तिचा कारभार आपण सोडणार नाही, असे त्रयीचे म्हणणे पडले.

तत्त्वतः दोन्ही बाजू मालमत्ता देवाच्या कार्याची आहे असेच मानीत होत्या. वाद विश्वासाचा होता. आणि विश्वास ज्या माध्यमातून पुन्हा उभा करावयाचा, ते माध्यम पत्राचे होते. इंग्लंडहून निघालेले जहाज बंगालला पोहोचण्यास पाच-सहा महिने लागत. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत वर्ष सहज जाई. रागाच्या भरात लिहिलेले वाक्य राग निवल्यावर वाचले जाई. आणि ते वाचून जो नवा राग येई, त्याचे उत्तर मूळ लेखक विसरून गेल्यावर पोहोचे. शनिवारच्या संध्याकाळी एखाद्याने कठोर शब्द वापरला, तर समोरच्याचा चेहरा पाहून त्याला तो मागे घेता येई. पत्रातला शब्द मागे घेता येत नाही. त्याच्या प्रती होतात, त्या समितीच्या बैठकीत वाचल्या जातात आणि दप्तरात जातात.

समोरासमोर येण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. वॉर्ड १८१८ ते १८२१ या काळात इंग्लंड व अमेरिकेत होते. परंतु परतल्यावर ७ मार्च १८२३ रोजी पटकीने त्यांचा मृत्यू झाला. १८२६ मध्ये मार्शमन स्वतः इंग्लंडला गेले. ज्यांच्याविषयी सर्वाधिक तक्रारी होत्या, तेच बोलणी करण्यास गेले होते. आणि दहा वर्षांच्या कागदांचे ओझे दोन्ही बाजूंच्या खांद्यांवर होते. १८२७ च्या मार्चमध्ये सेरामपूर मिशन आणि सोसायटी विभक्त झाल्याचे जाहीर झाले.

६. छापखान्यात गेलेला वाद

हा वाद न्यायालयात गेला नाही. पौलाची ताकीद दोन्ही पक्षांनी पाळली. मात्र तो छापखान्यात गेला. १८२८ मध्ये युस्टेस कॅरी व येट्स यांनी कलकत्त्याच्या मिशनऱ्यांचे समर्थन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच वर्षी डॉ. जॉन्स यांनी १८१२–१३ मधील सेरामपूरच्या कारभारावर पुस्तिका लिहिली. म्हणजे त्यांची तक्रार पंधरा वर्षांनी छापली गेली. डायर यांनी समितीची बाजू मांडली. मार्शमन यांनी सेरामपूरविषयी निवेदन प्रसिद्ध केले. त्याला त्या काळचे नामवंत निबंधकार जॉन फॉस्टर यांची प्रस्तावना आहे. विरोधी पुस्तिकांतील विधानांसंबंधी विल्यम कॅरींची पत्रेही पुस्तिकारूपाने निघाली. १८३१ मध्ये मार्शमनपुत्र जॉन क्लार्क मार्शमन यांनी प्रतिपक्षाच्या पुस्तिकांचा परामर्श घेतला.

या मजकुरांकडे साहित्यप्रकार म्हणून पाहिले असता दोन गोष्टी दिसतात. पहिली संबोधनाची. वॉर्ड यांच्या रोजनिशीत ‘बंधू कॅरी’, ‘बंधू फाउंटन’ असे उल्लेख येतात. पुस्तिकांच्या मुखपृष्ठांवर तेच लोक ‘रेव्हरंड डॉक्टर’ झाले आहेत. नात्याचा शब्द जाऊन पदवीचा शब्द येतो, तेव्हा ऐकणाराही बदललेला असतो. रोजनिशी घराला उद्देशून आहे, पुस्तिका वर्गणीदारांना.

दुसरी गोष्ट क्रमाची. मत्तयाच्या सूचनेत आधी एकांत, मग साक्षीदार आणि शेवटी मंडळी. पुस्तिकायुद्धात हा क्रम नेमका उलटला. आधी समस्त वाचकवर्गाला सांगितले गेले; मग साक्षीदार गोळा करण्यात आले, तेही पत्रांतील उताऱ्यांच्या रूपाने; आणि एकांतातले बोलणे, जे पहिले व्हावयास हवे होते, ते राहूनच गेले. साक्षीचा अर्थही पालटला. मूळ वचनात साक्षीदार दोघांत समेट व्हावा म्हणून सोबत येतो. पुस्तिकेतील साक्ष प्रतिपक्षाला खोटे पाडण्यासाठी असते. खाजगी पत्रांतील वाक्ये वीस-वीस वर्षांनी बाहेर काढून छापली गेली, आणि मैत्रीत लिहिलेला प्रत्येक शब्द संभाव्य पुरावा ठरला.

सेरामपूरची माणसे मुद्रित शब्दाच्या सामर्थ्यावर अढळ श्रद्धा असणारी होती. अनेक भारतीय भाषांना त्यांनी टंक दिले. १८१८ मध्ये ‘समाचार दर्पण’ आणि ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ ही नियतकालिके काढली. राममोहन रॉय यांच्याशी मार्शमन यांचा धर्मविषयक वादही छापील पानांवरच गाजला. मतांच्या वादाला मुद्रण मानवते, कारण तेथे तिऱ्हाईत वाचकाचा निर्णय हवा असतो. भावाभावांच्या रुसव्याला तो वाचक परवडत नाही. त्याच्यापुढे माघार घेणे म्हणजे पराभव ठरतो. आणि माघार घेता येण्याची सोय हाच तर शनिवारच्या संध्याकाळचा प्राण होता.

७. मंडळी कोणती?

तिसऱ्या पायरीविषयीचा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. मंडळीला सांगावे, असे वचन सांगते. या वादात मंडळी कोण होती? बॅप्टिस्ट विचारानुसार मंडळी म्हणजे एका ठिकाणी करारबद्ध झालेल्या विश्वासूंचा समुदाय. सेरामपूरला असा समुदाय होता. २८ डिसेंबर १८०० रोजी बाप्तिस्मा घेतलेल्या कृष्ण पाल या सुताराच्या घराण्यापासून तो वाढत गेला होता. जातिबंधन सोडून एका भाकरीत भागीदार झालेल्या या लोकांनी घरादाराचा आणि नातलगांचा रोष पत्करला होता. गोकुळ नावाच्या बांधवाचे १८०३ मध्ये निधन झाले, तेव्हा त्याची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत युरोपीय होते, तसेच एक पूर्वाश्रमीचा ब्राह्मण आणि एक पूर्वाश्रमीचा मुसलमानही होता. दुरावा ओलांडून बंधुत्व कसे धरावे, याचा अनुभव या मंडळीच्या गाठीशी होता.

तरीही १८२७ च्या विभाजनाविषयीच्या वादग्रंथांत तिचा आवाज ऐकू येत नाही. ज्यांच्यापुढे फिर्याद नेली गेली ती ‘मंडळी’ म्हणजे लंडनची समिती आणि इंग्लंडमधील वर्गणीदार. स्थानिक मंडळ्यांवर भारतीय पाळक नेमावेत, असे १८०५ च्या करारनाम्याने म्हटले होते. परंतु त्या मंडळ्यांना आपल्या पाळकांच्या भांडणात शब्द असावा, ही कल्पना कोणत्याही पक्षाला सुचलेली दिसत नाही. यात काही व्यावहारिक कारणे होती. मालमत्तेचा प्रश्न इंग्रजी विश्वस्तपद्धतीचा होता, पैसा इंग्लंडमधून येत होता, भाषा इंग्रजी होती. तरी परिणाम असा झाला, की ज्या ग्रंथातील वचन या माणसांनी बंगाली, मराठी आणि इतर भाषांत नेले, त्याच वचनाप्रमाणे वागण्याची वेळ आली तेव्हा ते ज्यांच्या भाषांत नेले होते त्यांना विचारले गेले नाही. या कलहातील सर्वांत मोठी उणीव कोणती, असा प्रश्न केल्यास मार्शमन यांचा स्वभाव किंवा डायर यांची कार्यालयीन वृत्ती यांच्याही आधी या उणिवेकडे बोट दाखवावे लागेल.

८. उशिरा आलेला समेट

१८३० च्या जानेवारीत कलकत्त्याची पामर अँड कंपनी ही पेढी बुडाली आणि त्यानंतरची वर्षे सेरामपूरला आर्थिक ओढगस्तीची गेली. ९ जून १८३४ रोजी कॅरींचे निधन झाले. ज्या सोसायटीच्या स्थापनेत त्यांचा वाटा सर्वांत मोठा होता, तिच्यापासून त्यांचे मिशन त्या वेळी विभक्त होते. ५ डिसेंबर १८३७ रोजी मार्शमन वारले. त्याच महिन्यात लंडनमध्ये सेरामपूर मिशन आणि सोसायटी यांच्या पुनर्मीलनाची बोलणी पूर्ण झाली. बातमी जहाजाने जात असल्याने लंडनला मार्शमन यांच्या मृत्यूची वार्ता नव्हती. आणि ज्यांच्यावरून सर्वाधिक वाद झाला, त्यांना समेटाची वार्ता कधीच कळली नाही. संस्था एकत्र आल्या. माणसे एकत्र यावयाची राहून गेली.

कलहाचा उत्तरार्ध चरित्रांत लढला गेला. युस्टेस कॅरी यांचे चुलत्यावरील चरित्र १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे कॅरींची पहिली मोठी चरित्रात्मक प्रतिमा त्यांच्यापासून दुरावलेल्या पुतण्याने घडविली. १८५९ मध्ये जॉन क्लार्क मार्शमन यांनी तिघांचे दोन खंडांतील चरित्र लिहून पित्याची बाजू इतिहासात नोंदविली. पुढील बहुतेक लेखनाने या दोहोंपैकी एकाचा आधार घेतला. ई. डॅनियल पॉट्स यांच्या १९६७ मधील अभ्यासासारख्या ग्रंथांनी मूळ कागदपत्रांकडे जाऊन दोन्ही बाजू तपासल्या, तेव्हा कुठे या वादातला त्वेष ओसरला. पुतण्या आणि पुत्र यांच्या लेखण्यांतून आलेली ही साधने वाचताना, ती मुळात न झालेल्या एका संभाषणाच्या जागी लिहिली गेली आहेत, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे ठरते.

सेरामपूरची शनिवारची संध्याकाळ म्हणजे भाबड्या मनाची योजना होती, असा निष्कर्ष यातून काढणे योग्य होणार नाही. जेथे तिच्या अटी पाळल्या गेल्या तेथे ती टिकली. ठरलेली वेळ, समोर असलेला माणूस, ऐकणारे मोजके आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र जगण्याची सक्ती, या त्या अटी. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड हे स्वभावाने अगदी भिन्न तिघे जण तेवीस वर्षे एकत्र राहिले आणि मृत्यूनेच वेगळे झाले, हा तिचा पुरावा आहे. ती मोडली ती नव्या माणसांना त्या खोलीत जागा न दिल्यामुळे आणि भावाशी बोलावयाचे ते वाचकांशी बोलले गेल्यामुळे. १८०५ साली सेरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचे मराठी शुभवर्तमान बाहेर पडले, तेव्हा त्यात तो अठरावा अध्यायही होता. तो छापणाऱ्या हातांना त्याचा अर्थ ठाऊक होता; पाच वर्षे दर शनिवारी ती रीत त्यांच्या घराच्या नियमांत होती. पुढे तेच हात पुस्तिका छापू लागले, तेव्हा तो अध्याय विस्मरणात गेला नव्हता. तो प्रतिपक्षाने पाळावा, एवढीच अपेक्षा उरली होती.